फ्रान्स्वा पिनार : एका कर्णधाराची तीन वर्षे

फ्रान्स्वा पिनार याची आंतरराष्ट्रीय रग्बी कारकीर्द 1993 ते 1996 एवढीच आहे. तो 29 कसोटी सामने खेळला आणि सर्वच्या सर्व कर्णधार म्हणून. पदार्पणातच कर्णधारपद मिळणे सहसा घडत नाही. दक्षिण आफ्रिकेत ते का घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

वर्णभेदामुळे या देशावर जागतिक क्रीडाक्षेत्राने बहिष्कार घातला होता. भारताने तर 1974 मध्ये डेव्हिस चषकाचा अंतिम सामनाच खेळण्यास नकार दिला होता. 1992 मध्ये गोऱ्यांची व गौरेतरांची रग्बी मंडळे एकत्र आली आणि बंदी उठली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यात, ठरलेले असूनही, जुने राष्ट्रगीत वाजवण्यात आले. 'स्प्रिंगबॉक' हे चिन्ह बहुसंख्य कृष्णवर्णीयांना दडपशाहीचे चिन्ह वाटत होते. रॉबेन बेटावरील राजकीय कैदी प्रतिस्पर्धी संघाच्या बाजूने असत, असे मंडेला यांनीच पुढे सांगितले आहे.

पिनार हा फेरीनिखिंगचा, आफ्रिकानेर कुटुंबातला, कायद्याचा विद्यार्थी. जून 1993 मध्ये दर्बानला फ्रान्सशी 20-20 अशी बरोबरी, ही त्याची सुरुवात. पुढची मालिका हरली, संघ अडखळतच राहिला. 1994 च्या उत्तरार्धात किच क्रिस्टी प्रशिक्षक झाले आणि चित्र पालटले.

24 जून 1995 चा विश्वचषक अंतिम सामना सर्वांना ठाऊक असतो. जादा वेळेत जोएल स्ट्रान्स्कीचा ड्रॉप गोल, 15-12 असा विजय, आणि पिनारच्याच 6 क्रमांकाची जर्सी घालून चषक देणारे मंडेला. मैदानावरील साठ हजारांविषयी विचारले असता पिनारने देशातील 4 कोटी 30 लाख लोकांचा पाठिंबा असल्याचे सांगितले. उत्तर मनापासूनचे होते, यात शंका नाही. मात्र त्या विजेत्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकच गौरेतर खेळाडू होता, हेही विद्यार्थ्यांनी विसरू नये.

चित्रपटांत सहसा न येणारा भाग त्यानंतरचा आहे, आणि माझ्या मते इतिहासाच्या दृष्टीने तोच अधिक बोलका. रग्बी तेव्हा अधिकृतपणे हौशी खेळ होता. केरी पॅकर यांच्या पाठबळावरील बंडखोर व्यावसायिक स्पर्धेसाठी खेळाडूंना एकत्र आणण्यात पिनार आघाडीवर होता. रूपर्ट मर्डॉक यांच्या कंपनीचा पैसा हाती आल्यामुळे मंडळ चांगले मानधन देऊ शकले. खेळाडू मंडळाकडेच राहिले, आणि ऑगस्ट 1995 मध्ये खेळ सर्वांसाठी व्यावसायिक झाला. राष्ट्राच्या ऐक्याचे प्रतीक ठरलेला माणूस त्याच दिवसांत सहकाऱ्यांच्या मोबदल्यासाठी मंडळाशी घासाघीस करत होता!

क्रिस्टी आजारपणामुळे गेले. ऑगस्ट 1996 मध्ये केपटाउनला न्यूझीलंडविरुद्ध डोक्याला मार बसून पिनार मैदानाबाहेर गेला. त्यानंतर नवे प्रशिक्षक आंद्रे मार्कग्राफ यांनी त्याला संघात घेतले नाही. तो इंग्लंडमधील सॅरासेन्स क्लबकडे गेला.

कसोटी संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार सिया कोलिसी जून 2018 मध्ये इंग्लंडविरुद्ध उतरला. मैदान एलिस पार्कच होते, आणि जर्सीचा क्रमांक 6.