न जुळलेला हिशेब

गवती चहाची पात आपण चहात टाकतो. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अर्क सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळला, तेव्हा सोन्याचे चपटे, त्रिकोणी अतिसूक्ष्म कण तयार झाले. हे संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. या त्रिकोणांच्या टोकांना एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ या.

१९२८ साली कोलकात्यात सी. व्ही. रामन आणि कृष्णन यांनी दाखवले, की रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशातला थोडासा भाग रंग बदलतो. हा बदल म्हणजे त्या रेणूची ओळखच. अडचण एवढीच, की हा प्रकाश अत्यंत क्षीण असतो.

१९७४ साली इंग्लंडमध्ये फ्लाइशमन आणि सहकाऱ्यांना खरखरीत केलेल्या चांदीवर पिरिडिनचा रामन प्रकाश ठळक दिसला. पृष्ठभाग वाढला म्हणून रेणू जास्त चिकटले, असे त्यांना वाटले. १९७७ मध्ये अमेरिकेत जीनमेअर आणि व्हॅन ड्यूइन यांनी हिशेब मांडला, तो जुळेना. प्रकाश लाखो पटींनी वाढला होता. रेणू काही तेवढे वाढले नव्हते! पुढे उलगडा झाला. प्रकाशाच्या तालावर धातूतले इलेक्ट्रॉन डोलतात आणि टोकांशी, अरुंद फटींत प्रकाशाचे बळ एकवटते.

पण खरखरीत पत्र्यावर अशा जागा नशिबाने मिळतात. एका ठिकाणी भरघोस प्रकाश, तर शेजारी काहीच नाही. उद्या द्राक्षांवरच्या कीटकनाशकाचा अंश या पद्धतीने तपासायचा, तर बागायतदाराच्या मालाचा निकाल नशिबावर कसा सोडायचा?

म्हणून मला १९६६ सालचे केन यी यांचे काम मोलाचे वाटते. जागेचे बारीक चौकोनी घरांत तुकडे करून, प्रकाश घराघरातून कसा पुढे सरकतो हे मॅक्सवेलच्या समीकरणांनी मोजण्याची रीत त्यांनी दिली. आज संशोधक टोक किती अणकुचीदार, फट किती अरुंद हे आधी संगणकावर ठरवतात. १९९१ साली ‘परम ८०००’ महासंगणक घडवणाऱ्या पुण्याला अशी आकडेमोड परकी नाही. पाषाणच्याच ‘आयसर’मध्ये डॉ. जी. व्ही. पवन कुमार यांचा गट चांदीच्या सूक्ष्म तारांवर प्रकाश कसा वागतो, हे अभ्यासतो.

मात्र संगणक आकार सांगतो, तो घडवावा लागतो प्रयोगशाळेतच. गवती चहाच्या अर्काचे प्रमाण बदलले, की त्रिकोणही लहानमोठे होतात. दर खेपेला तोच आकार हाती येणे, हे काम अजून सोपे झालेले नाही.