घामाचा हिशेब



आजचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य गिरणीच्या फाटकावर आणि वाटाघाटींच्या टेबलाशी गेले, त्याने घरी ठेवण्याच्या व्यायामयंत्रांवर काय म्हणून बोलावे? माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. शरीरशास्त्रातला मी अधिकारी माणूस नव्हे. परंतु या यंत्रांच्या काचेवर जो एक आकडा उमटतो, त्याच्याशी आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांची ओळख फार जुनी आहे. अर्धा तास सायकल मारली की यंत्र सांगते, 'इतके उष्मांक खर्च झाले.' तो आकडा वाचून कोणी समाधानाने घाम पुसतो, तर कोणी हिशेब करून एक लाडू जास्त खातो. हा आकडा येतो कोठून आणि त्यावर विश्वास किती ठेवावा, हे दोन प्रश्न मी आज घेतले आहेत. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या इतिहासात आहे, म्हणून आधी इतिहास सांगतो.

माणसाच्या श्रमाचे शास्त्रीय मोजमाप पॅरिसमध्ये सुरू झाले, आणि तेही राज्यक्रांतीच्याच काळात. १७८९ च्या सुमारास लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने आपला सहकारी सेगँ याला तोंडावर मुखवटा चढवून बसवले आणि पायाने एक पट्टी दाबावयास लावली. बसल्या जागी तो किती प्राणवायू घेतो आणि काम करताना किती, हे मोजले. काम करणाऱ्याला प्राणवायू पुष्कळ जास्त लागतो, असे दिसून आले. शरीर म्हणजे मंद जळणारी भट्टी, अन्न हे तिचे सरपण आणि श्रमाने सरपण जास्त जळते, हा विचार तेथे पक्का झाला. लाव्हाझिए स्वतः श्रीमंत, सरकारी करवसुलीच्या मक्त्यातला भागीदार. तरीही ही आकडेमोड करताना त्याच्या मनात असा प्रश्न आला, की हाताने राबणाऱ्या गरिबाचे शरीर जास्त जळते आणि अन्न मात्र रिकाम्या श्रीमंताला जास्त मिळते, हे कसे? १७९४ मध्ये क्रांतीने त्याचा शिरच्छेद केला. प्रश्न शिल्लक राहिला.

आता यंत्राकडे वळू. आज ज्याला आपण ट्रेडमिल म्हणतो, तिचे नाव तुरुंगातून आलेले आहे. १८१८ मध्ये विल्यम क्युबिट या इंग्रज इंजिनियराने कैद्यांना कामाला जुंपण्यासाठी एक प्रचंड पायचक्की रचली. आडव्या लाटेसारखे चाक, त्यावर पायऱ्या आणि वर धरायला दांडी. कैद्याने चढत राहायचे; चाक खाली सरकत राहणार, म्हणजे तो असेल तेथेच. काही तुरुंगांत या चाकावर धान्य दळले जाई. काहींत काहीच नाही, नुसता वारा दळायचा. १८९८ च्या तुरुंग कायद्यानंतर ही चाके इंग्लंडात बंद पडत गेली.

या चक्कीवर एक डॉक्टर स्वखुशीने चढला. त्याचे नाव एडवर्ड स्मिथ. लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगात १८५० नंतरच्या दशकात त्याने चक्की चढताना उच्छ्वासातून बाहेर पडणारा वायू मोजला, आणि विश्रांतीच्या मानाने तो कितीतरी पट वाढतो हे आकड्यांनी दाखवले. श्रोतेहो, आजच्या घरगुती ट्रेडमिलच्या काचेवर जो हिशेब चालतो, त्याची पहिली पाने तुरुंगात लिहिली गेली आहेत, हे ध्यानात असू द्या.

याच स्मिथचे पुढचे काम आमच्या जास्त जवळचे आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. त्याच कापूसटंचाईने इकडे मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरात सोन्याचा धूर निघाला; तिकडे विणकरांच्या चुली विझल्या. १८६२ च्या अखेरीस सरकारने स्मिथला त्या बेकार कामगारांचे जेवण तपासायला पाठवले. काम असे, की उपासमारीचे रोग टाळायचे तर माणसाला कमीत कमी किती अन्न लागते ते ठरवा. तुरुंगातल्या श्वासाच्या अभ्यासातून आलेला माणूस आता गिरणी कामगाराची भाकरी मोजू लागला. त्याच्या पाहणीचे आकडे पुढे मार्क्सने आपल्या 'कॅपिटल' ग्रंथात वापरले. येथे एक गोष्ट ठळकपणे दिसते. किमान किती, हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दोन हेतू असू शकतात. एकाला माणूस जगवायचा असतो. दुसऱ्याला खर्च वाचवायचा असतो. दोघेही तोच आकडा वापरतात.

याचा पुरावा आपल्याच भूमीवर आहे. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी खाली आणली. दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, असा तो हिशेब होता. खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे पुरे, असे कागदावर ठरले. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला विरोध केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही सरकारकडे तक्रारी गुदरल्या. तेव्हा उष्मांक हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. पण भांडण त्याचेच होते. जो राबतो त्याला बसलेल्यापेक्षा जास्त लागते, एवढेच ते म्हणणे.

उष्मांक घराघरांत आणण्याचे श्रेय अमेरिकेच्या ॲटवॉटरकडे जाते. एक किलो पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवणारी उष्णता म्हणजे आहारातला एक उष्मांक. १८९६ च्या सुमारास मिडलटाउन गावी ॲटवॉटर आणि रोझा यांनी तांब्याच्या भिंतींची, जेमतेम एका माणसाला राहता येईल एवढी खोली तयार केली. माणूस आत दिवसचे दिवस राही. जेवण मोजून आत जाई, मलमूत्र मोजून बाहेर येई, आणि अंगातून निघणारी उष्णता भिंतीतल्या नळांचे पाणी वाहून नेई. आत एक स्थिर सायकल ठेवलेली असे. पोटात गेलेले आणि शरीराने खर्चलेले यांचा ताळा त्यांनी बारीक फरकाइतका जुळवला. आजच्या घरगुती सायकलची ती आजी म्हणावी लागेल. पण त्या आजीभोवती एक आख्खी प्रयोगशाळा उभी होती, आणि नातीजवळ एक बटण आहे. त्यानंतर १९५२ मध्ये अमेरिकेत ब्रूस आणि क्विंटन यांनी हृदयाच्या तपासणीसाठी विजेवर चालणारी ट्रेडमिल तयार केली, आणि १९६८ च्या पुढे धावण्याची हौस पसरली तेव्हा ती दवाखान्यातून घरात आली.

आता बटणामागचा हिशेब उघडून पाहू. सायकलपासून सुरुवात करतो. समजा, तुम्ही १०० वॅटच्या जोराने ३० मिनिटे पायडल मारलेत. यंत्राला मिळालेले काम १८० किलोज्यूल, म्हणजे अवघे ४३ उष्मांक. पण शरीर काही फुकटात काम करीत नाही. जळलेल्या शंभर भागांपैकी वीस ते पंचवीसच पायडलपर्यंत पोहोचतात, बाकीचे उष्णता होऊन जातात. घाम येतो तो त्यामुळेच. शरीराची कार्यक्षमता शेकडा २५ धरली तर खर्च १७२ उष्मांक, शेकडा २० धरली तर २१५. सायकल तीच आणि वेळही तोच. फक्त गृहीत धरलेला आकडा बदलला आणि ४३ उष्मांकांचा फरक पडला. आणि हे तेव्हा, जेव्हा यंत्र जोर खरोखर मोजते. पुष्कळ स्वस्त यंत्रे नुसत्या फेऱ्या मोजतात. पायडल जड होते की हलके, हे त्यांना कळतच नाही.

ट्रेडमिलवर हिशेब वेगळा. तेथे वेग, चढ आणि तुमचे वजन यांवरून प्राणवायूचा अंदाज करतात. सपाटीवर ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्यास दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १२ मिलिलिटर प्राणवायू लागतो, असे प्रचलित सूत्र सांगते. एक लिटर प्राणवायूला साधारण ५ उष्मांक धरतात. त्या हिशेबाने ७० किलोचा माणूस अर्ध्या तासात सुमारे १२४ उष्मांक खर्चतो आणि ५० किलोची बाई सुमारे ८९. यंत्राने वजन विचारलेच नाही तर ते कोणाचे तरी वजन तुमच्या नावावर मांडते. वल्हवण्याच्या एका प्रसिद्ध यंत्राचा हिशेब १७५ पौंडांच्या माणसावर बेतलेला आहे, आणि तो तासाला ३०० उष्मांक मूळ भांडवल म्हणून आधीच धरून चालतो. शिवाय दांडी धरून चाललात तर काही भार हातांनी उचलला जातो आणि खर्च कमी होतो. काचेवरचा आकडा मात्र तोच राहतो.

दुसरी खुबी पाहा. त्या १२४ पैकी सुमारे ३७ उष्मांक तुम्ही खुर्चीत पेपर वाचत बसला असतात तरी खर्च झालेच असते. श्वास, हृदय, मेंदू यांचा तो नित्याचा खर्च. यंत्र बहुधा तोही आपल्या जमेत घालते. व्यायामाची खरी कमाई ८७ ची. आमच्या भाषेत सांगायचे तर मूळ पगार आणि ओव्हरटाइम एकत्र करून सगळाच ओव्हरटाइम म्हणून दाखवल्यासारखे हे आहे. आणि तो नित्याचा खर्चसुद्धा ७० किलोच्या एका प्रमाणपुरुषावरून धरलेला. पुष्कळांच्या बाबतीत तो त्याहून कमी भरतो. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांची तऱ्हा याहून बरी नाही. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात पट्ट्या तपासल्या, तेव्हा उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत बरी पट्टी सरासरी शेकडा २७ नी आणि सर्वांत वाईट शेकडा ९३ नी चुकली.

येथे कोणी म्हणेल, 'एवढे मनावर काय घ्यायचे? एक लाडू इकडे की तिकडे!' घरातल्या सायकलपुरते ते खरे आहे. पण हाच सरासरी माणूस जेव्हा पगाराच्या कागदावर येऊन बसतो, तेव्हा लाडवाचा नव्हे, भाकरीचा प्रश्न होतो. जुलै १९५७ मध्ये पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली. किमान वेतन गरजेवर आधारलेले असावे, हे तेथे सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मान्य केले. अन्नाचे माप घेतले ते डॉ. ॲक्रॉइड यांचे. ते कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. मध्यम श्रम करणाऱ्या प्रौढाला दिवसाला २७०० उष्मांक, हे ते माप. एका कमावत्यामागे तीन खाणारी माणसे धरली: नवरा एक, बायको ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. कापड कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार. दर वाटाघाटीत हे आकडे आम्ही जपमाळेसारखे घोकले आहेत. मालकाच्या दारात भीक नको, हिशेब हवा, एवढे बळ त्या २७०० ने आम्हाला दिले.

पण त्यातही प्रमाणमाणूस होताच. बायको ०.८ का? पहाटे पाणी भरणारी, दळण आणणारी, धुणीभांडी करून पुन्हा कामावर जाणारी बाई पाचव्या हिश्शाने कमी राबते, असे कोणी मोजले होते? आणि 'मध्यम श्रम' म्हणजे कोणाचे? साच्यावर उभ्या असलेल्याचे की गाठी वाहणाऱ्याचे? जानेवारी २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २७०० ऐवजी २४०० उष्मांक सुचवले. तिने प्रथिने आणि स्निग्धांश यांचीही मापे दिली, आणि तीनऐवजी ३.६ खाणारी माणसे धरली, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु माणशी तीनशे उष्मांक कमी झाले ते एका रकान्यात. आकडा खाली आला की ताटातले काहीतरी खाली जाते, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे.

म्हणून माझे सांगणे दुहेरी आहे. घरी यंत्र असेल तर ते जरूर चालवा. व्यायाम चांगलाच आहे. काचेवरचा आकडा कालच्या तुमच्याच आकड्याशी ताडून पाहा. तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे, कारण चूक दोन्ही दिवशी बहुधा सारखीच असते. शेजाऱ्याच्या यंत्राशी त्याची तुलना करू नका, आणि त्याच्या भरवशावर ताट वाढू नका. तो अंदाज आहे, पावती नव्हे.

दुसरे असे, की अंदाज पुढे आला की तो कोणाच्या अंगावरून बेतला आणि कोणाच्या सोयीसाठी बेतला, हे विचारायची सवय ठेवा. ज्या खोलीत ती ट्रेडमिल उभी आहे, त्या खोलीचा केर काढायला सकाळी एक बाई येते. शास्त्रज्ञांनी केलेल्या कोष्टकांत केर काढण्याचे श्रम विश्रांतीच्या सुमारे सव्वातीन पट दिलेले आहेत, म्हणजे ताशी ५ किलोमीटरने चालण्याच्या जवळजवळ बरोबरीचे. मालक चालतात त्याचे उष्मांक काचेवर उमटतात. ती तशी चार घरे करते, आणि तिच्यासमोर काच नसते. लाव्हाझिएने विचारलेला प्रश्न तुमच्या-आमच्या घरात दररोज सकाळी हातात केरसुणी घेऊन येतो. महिनाअखेरीस तिचा पगार ठरवताना तरी त्या आकड्याची आठवण ठेवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.