पिल्लाला एकाच जागी दोन सुळे दिसतायत? ‘पडेल आपोआप’ म्हणून वाट बघू नका!

घरात पाच-सहा महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू असेल तर त्याचा ओठ हळूच वर करून बघा. एका सुळ्याला चिकटून दुसरा सुळा दिसला, तर दुधाचा दात अजून जागा सोडत नाहीये असं समजा. पिल्लू नेहमीसारखं खातं-खेळतं, त्यामुळे बरेच जण याकडे दुर्लक्ष करतात. पण इथे काही आठवड्यांचा उशीरही महागात पडू शकतो.

दात कधी बदलतात?

पिल्लाला दुधाचे 28 दात असतात, तर मोठ्या कुत्र्याला 42. साधारण चौथ्या महिन्याच्या आसपास समोरचे छोटे दात पडायला लागतात. सुळ्यांचा नंबर पाचव्या-सहाव्या महिन्यात लागतो आणि सातव्या महिन्यापर्यंत बहुतेक पिल्लांचे सगळे दात बदललेले असतात. पडलेले दात पिल्लं बऱ्याचदा गिळून टाकतात, त्यामुळे ते सापडले नाहीत तरी काळजी नको. खेळण्यावर रक्ताचा एखादा डाग दिसणंही नॉर्मल आहे.

मग काही दात अडकतात का?

नवा दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळतं आणि तो सैल होऊन पडतो. नवा दात थोडा बाजूने आला तर हे मूळ तसंच राहतं. पोमेरेनियन, शिह त्झू, चिवावा, यॉर्कशायर टेरियर अशा छोट्या जातींमध्ये हे जास्त दिसतं. यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो.

जुना दात कोणता, कसं ओळखायचं?

दुधाचा सुळा सुईसारखा बारीक आणि टोकदार असतो, नवा जाडजूड. वरच्या जबड्यात नवा सुळा जुन्याच्या पुढे येतो, खालच्या जबड्यात मात्र जिभेच्या बाजूने, म्हणजे आत येतो.

राहिला तर बिघडतं काय?

खालचा दुधाचा सुळा हटला नाही तर नवा सुळा आतच वाढतो आणि तोंड मिटलं की त्याचं टोक टाळूला टोचतं. तिथे जखम होते. दुर्लक्ष झालं तर टाळूला आरपार भोक पडून तोंड आणि नाक जोडलं जाऊ शकतं. शिवाय दोन दातांच्या फटीत अन्न आणि केस अडकतात, कीटण साचतं आणि हिरड्या सुजतात. पुढे नवा दातही हलायला लागू शकतो.

उपाय काय?

साधा नियम लक्षात ठेवा : एका जागी एकच दात. नवा दात हिरडीतून वर आलाय आणि जुना घट्ट बसलाय, तर लगेच पशुवैद्यांना दाखवा. ते भूल देऊन, शक्यतो एक्स-रे काढून दुधाचा दात काढतात. वेळेत काढला तर बऱ्याचदा नवा दात आपोआप जागेवर सरकतो. नसबंदीच्या वेळीच काढून घेऊ, असा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ती तारीख लांब असेल तर थांबणं योग्य नाही.

भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवायचं, हेही त्यांनाच विचारा. अगदी छोट्या पिल्लांची साखर लवकर उतरते.

एक अपवाद आहे. एक्स-रेमध्ये खाली नवा दात नाहीच असं दिसलं, तर दुधाचा दात कधीकधी तसाच ठेवतात.

हे अजिबात करू नका

- पक्कड, दोरा किंवा बोटांनी दात ओढू नका. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब आणि नाजूक असतं. ते तुटून आत राहिलं तर पू होऊ शकतो.
- दात पाडण्यासाठी हाडं किंवा कडक वस्तू चावायला देऊ नका. नवा दातच तुटेल.
- माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्यांसाठी विषारी ठरू शकतात.

हिरड्या शिवशिवत असतील तर मऊ रबरी खेळणं द्या. चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत दर आठवड्याला एकदा तोंड तपासा आणि लसीकरणाला गेलात की डॉक्टरांना दातही बघायला सांगा.