आवर्तन राहिले, नाव हरवले

१/ गेले वर्षभर माझ्या पिशवीत वहीशेजारी तळहाताएवढा सॅम्पलर असतो. भोवतालचा आवाज टिपायचा, त्याचा तुकडा कापायचा आणि तो अखंड फिरवत ठेवायचा, एवढेच त्याचे काम. या फिरत्या तुकड्याला 'लूप' म्हणतात. नाशिकच्या भांडी बाजारात तांब्याच्या हंड्यावर पडणारे ठोके मी त्यात टिपले आणि प्रश्न पडला : यंत्राआधी हे काम कोण करीत असे?

२/ उत्तर सोपे आहे : माणूस. एकल तबलावादनात पेटीवर लेहरा धरणारा साथीदार एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहतो. तबलजीने कितीही अवघड हिशेब मांडला, तरी सम कुठे आहे हे श्रोत्याला त्या सुरावटीवरून कळते. मैफलभर तानपुरा छेडणारा शिष्यही हेच करतो. निवेदनात त्याचे नाव बहुधा शेवटी येते, कधी येतच नाही.

३/ यंत्राची कथा १९४८ साली पॅरिसमध्ये वळण घेते. तबकडीवरची खाच पुढे सरकू न देता वर्तुळात मिटवली, तर सुई तोच क्षण पुनःपुन्हा वाजवते. पिएर शेफर या रेडिओ अभियंत्याने ही युक्ती वापरली आणि त्याच वर्षी रेल्वेच्या आवाजांतून एक संपूर्ण रचना घडवली.

४/ पुढे अमेरिकेच्या टेरी रायली यांनी ध्वनिफितीची वेटोळी फिरवून संगीत रचले. १९७० मध्ये ते किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले. याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेत वास्तव्य केले होते, आणि मिरज म्हणजे तानपुऱ्यांचे गाव. ध्वनिफितीची आवर्तने धुंडाळणारा हा संगीतकार अखेर तानपुऱ्याच्या संगतीत शिकायला बसला.

५/ आपल्याकडे प्रवास उलट्या दिशेने झाला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरूचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा घडवला. रियाझाला साथीदार मिळत नाही, ही खरी अडचण त्यामुळे सुटली. मात्र तानपुऱ्यामागची व्यक्ती आता अपरिहार्य राहिली नाही.

६/ १९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचा 'ऑक्टापॅड' आला. त्या पहिल्या यंत्रात स्वतःचा आवाजच नव्हता. आठ चौकटींवरचे आघात ते दुसऱ्या वाद्याला कळवी. पुढच्या मॉडेलांत ध्वनी आले, मग लूपही. महाराष्ट्रातील ऑर्केस्ट्रा आणि बेंजो पार्ट्यांत 'ऑक्टापॅड' हे जणू सामान्यनामच झाले.

७/ आज 'नाशिक ढोल' या नावाने तयार लूप सहज मिळतात. त्यात गावाचे नाव आहे. वाजवणाऱ्यांची नावे बहुधा नसतात. ज्याच्या खांद्याला ढोलाच्या दोरीचा वळ पडला, तो वादक त्या फाइलमध्ये कुठेच नाही.

८/ असे घडायलाच हवे, असे मात्र नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने ध्वनिमुद्रणही झाले. जाते गोल फिरते, ओवी परत येते, हेही आवर्तनच. पण तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदले गेले. म्हणून २०१७ पासून 'परी'च्या संकेतस्थळावर त्या ओव्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर त्या बायाही आल्या.

९/ आता माझी चूक. भांडी बाजारातले ते ठोके माझ्या यंत्रात 'शून्य चौदा' या क्रमांकाने आहेत. महिनाभर मी त्यावर चाली बांधल्या. मग एका मित्राने विचारले, "हे ठोके कुणाचे?" मला सांगता येईना. पुन्हा गेलो, तर हातोडीचे आवाज दोन-तीन दुकानांतून येत होते. त्यांतला माझा कोणता, हे ओळखता आले नाही. दस्तऐवजाखालची सही तपासायला शिकलेला मी, स्वतःच बिनसहीचा दस्तऐवज करून बसलो होतो.

१०/ तेव्हापासून नियम केला आहे : आधी परवानगी, मग नाव, जागा, तारीख, आणि त्यानंतर बटण. तुमच्या फोनमध्येही आजीची ओवी किंवा गल्लीतल्या ढोलाचा आवाज असेल. आज त्या फाइलला नाव द्या. कोण गाते आहे हे सांगणारे माणूस अजून घरात आहे, तोवरच.