पाहुण्याची निवड आणि श्रोत्यांची कुरकुर

नभोवाणीवर कोणी नामांकित पाहुणा यावा, त्याने आपल्या आवडीच्या चार-सहा तबकड्या लावायला सांगाव्यात, त्या का आवडतात ते थोडक्यात बोलावे, आणि इकडे घरोघरच्या मंडळींनी "हे काय निवडलं या गृहस्थानं!" म्हणून नाक मुरडावे, हा प्रकार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यालाही काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. पाहुण्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. नाक मुरडणाऱ्यांची दखल कोणी घेत नाही. आज बोलायचे आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला कार्यक्रम विलायतचा. २९ जानेवारी १९४२ रोजी, ऐन महायुद्धात, बीबीसीवर 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' सुरू झाला. रॉय प्लॉम्ली यांची ही कल्पना, आणि १९८५ साली त्यांचे निधन होईपर्यंत तो त्यांनीच चालवला. तुम्ही एका निर्जन बेटावर अडकला आहात, बरोबर आठच तबकड्या आहेत, तर कोणत्या घ्याल? प्रश्न एवढाच. पण यात माणूस उघडा पडतो बरं का! १९५८ मध्ये एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फ ही थोर गायिका आली आणि तिने आठांपैकी सात तबकड्या स्वतःच्याच गाण्याच्या मागितल्या. साठाहून अधिक वर्षे झाली, तरी तिकडचे श्रोते ती गोष्ट विसरलेले नाहीत. कोणी तिला आत्मप्रौढी म्हणतो, तर कोणी म्हणतो की बाईंना त्या गाण्यांतले आपले साथीदार आठवत होते. मला हे दुसरे म्हणणे पटते. पण पटो वा न पटो, वाद व्हायला जागा राहिली हे महत्त्वाचे.

२०११ साली बीबीसीने हाच प्रश्न श्रोत्यांना विचारला. पाहुण्यांच्या याद्यांत वर्षानुवर्षे मोत्झार्ट आणि बीथोवन यांचा वरचष्मा होता. श्रोत्यांनी मात्र पहिला मान दिला तो व्हॉन विल्यम्स या इंग्रज संगीतकाराच्या 'द लार्क असेंडिंग' या व्हायोलिनच्या रचनेला. चंडोल आकाशात चढत जातो, तेवढाच तिचा विषय. थोरामोठ्यांच्या निवडी इतकी वर्षे निमूट ऐकणाऱ्या लोकांची स्वतःची काही वेगळी आवड होती, ती विचारल्यावर बाहेर आली.

आता आपल्याकडे वळू. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पण शास्त्रीय संगीताच्या बाबतीत 'निवड कोणाची' हा प्रश्न खरा ऐरणीवर आला तो १९५२ मध्ये, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले तेव्हा. केसकर मूळचे पुण्याचे, संगीताचे जाणकार, आणि हेतूने अगदी स्वच्छ. त्यांच्या काळात, १९५२ च्या जुलैपासून, शनिवारी रात्री दीड तासाचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. गावातल्या माणसाला मोठ्या कलावंताचा सावकाश, सविस्तर ख्याल घरबसल्या ऐकू येऊ लागला. हे उपकार लहान नव्हेत. पण त्याच वेळी चित्रपटगीतांवर कात्री चालली, निर्मात्यांशी तंटा झाला आणि काही काळ ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली. लोकांनी काय केले? खुंटी पिळली आणि सिलोन लावले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती आली, ती काही अंशी या खुंटीच्याच धाकाने.

हार्मोनियमची कथाही याच जातीची. १९४० पासून नभोवाणीवर पेटीला बंदी होती. तिचे ठरावीक सूर आपल्या गायकीला मारक आहेत, असा त्यामागचा विचार. विचार अगदीच पोकळ नव्हता. पण ज्या महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांची पेटी ऐकायला माणसे वाट वाकडी करून जात, जिथे नाट्यगीत आणि ऑर्गन यांची फारकत कोणाला सुचलीही नसती, तिथे या बंदीचे कौतुक कसे व्हावे? १९७१ पासून ती सैल होत गेली. मधली तीस वर्षे वाद होता, पण तो जाणत्यांच्या बैठकीत आणि कचेरीतल्या कागदांवर. श्रोत्यापर्यंत पोचली ती नुसती आज्ञा. असे का, हे विचारायला समोर माणूस नव्हता.

पाहुण्याच्या कार्यक्रमात नेमका हा माणूस असतो. खाते सांगते की हे उत्तम आहे, ऐका. पाहुणा सांगतो की हे मला आवडते, कारण लहानपणी अमुक ठिकाणी ऐकले. पहिल्यापुढे मान डोलवायची किंवा खुंटी पिळायची. दुसऱ्याशी मात्र भांडता येते. विविध भारतीवरच्या 'विशेष जयमाला'त चित्रपटसृष्टीतली मंडळी फौजी भाईंसाठी गाणी निवडत, तर 'संगीत सरिता'त गवई-वादक येऊन एखादा राग उलगडून दाखवीत. कधी त्याच रागातले चित्रपटगीत जोडीला असे. ज्यांना 'थाट' हा शब्द लग्नातल्या थाटामाटापुरताच ठाऊक होता, अशी माणसे त्यामुळे "हा यमन नव्हे, यमनकल्याण; शुद्ध मध्यम लागला बघ" असे म्हणू लागली. वामनराव देशपांड्यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली आले, त्याने शिकलेल्या रसिकाला शब्द पुरवले. ज्यांनी ते पुस्तक वाचले नाही, त्यांना ते शब्द असल्या वादांतून मिळाले.

आमच्या गासचेच पाहा ना. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, बावखले, आणि आता त्यांच्यावर चाल करून येणाऱ्या इमारती. मालाडचे प्रक्षेपण केंद्र खाडीपलीकडे फार लांब नाही, त्यामुळे मुंबई केंद्र इथे खणखणीत लागायचे. टपाल कचेरीत परवान्याचे पैसे भरून घेतलेला एक रेडिओ, आणि त्याच्याभोवती ओट्यावर पाच-दहा माणसे, हे आमच्या वडीलधाऱ्यांचे चित्र. कानही दोन प्रकारचे. ख्रिस्ती कुपारी घरांतली जुनी माणसे चर्चमध्ये लॅटिन गायनात वाढलेली; १९६२ ते १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना मराठीत आली. शेजारच्या आळीत भजनी मंडळ, टाळ-मृदंग. दोघेही शास्त्रीय संगीत शिकलेले नव्हेत आणि दोघांनाही मते भरपूर!

वडीलधाऱ्यांकडून ऐकलेला एक वाद सांगतो. कोणा पाहुण्याने ख्यालाची जुनी तबकडी लावायला सांगितली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची ती, एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटे. एक भजनीबुवा चिडले. "अहो, आलापी कुठाय? हे म्हणजे पान लावलं आणि वाढलं नुसतं लोणचं." चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक काका म्हणाले, "बुवा, आमच्याकडं तीन मिनिटांत अख्खं स्तोत्र होतं. वेळ कमी म्हणून गाणं कमी होत नाही." बुवांनी ऐकून घेतले, मानले नाही. पण पुढे त्या वादाला खोली आली. तबकडीच्या मर्यादेत गवयाने काय ठेवले आणि काय टाकले, इकडे दोघांचे लक्ष गेले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्या साडेतीन मिनिटांत जे केले, त्याने गदगला एका दुकानात उभ्या असलेल्या लहानग्या भीमसेनला घर सोडायला लावले, ही हकिगत तर प्रसिद्धच आहे. तिथे निवड कोणाची होती म्हणाल, तर दुकानदाराची!

आता खुंटी राहिली नाही. २०१६ पासून आकाशवाणीची 'रागम्' वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते, भ्रमणध्वनीवर हवा तो गवई हव्या त्या वेळी हजर असतो. सोय झाली, यात शंका नाही. पण ज्याचे त्याने कानात बोंडे घालून ऐकायचे म्हटल्यावर ऑर्गनवाल्या काकांनी बुवांशी भांडावे कधी? माझ्या वर्गातल्या मुलांना मी विचारतो, "काल काय ऐकलंत?" उत्तर मिळते. "तेच का?" म्हटले की गप्प बसतात. त्यांना तो प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसतो.

जाता जाता निवडीचीच एक गोष्ट. १९७७ मध्ये अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अंतराळात सोडली, तेव्हा त्यांवर पृथ्वीचे संगीत असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली. कार्ल सेगन यांच्या मंडळाने सत्तावीस रचना निवडल्या. बाख आहे, मोत्झार्ट आहे, बीथोवन आहे, आणि भारताच्या वाट्याची एकच, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, तीही साडेतीन मिनिटांचीच. तिची शिफारस केली होती रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने. ही हकिगत मी एकदा आमच्या ओट्यावर सांगितली. भजनी मंडळातले एक आजोबा लगेच म्हणाले, "भैरवी? ती तर शेवटाला गातात. मैफल सुरू व्हायच्या आधीच भैरवी पाठवली होय?" दुसऱ्यांनी त्यांना अडवले. "अहो नाना, बाईंचं वय किती होतं तेव्हा? त्यांच्यापुरतं बरोबरच होतं की." पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. केसरबाई त्याच वर्षी १६ सप्टेंबरला गेल्या.