सेंट किट्सची द्वीपप्रदक्षिणा

कॅरिबियन समुद्रातील लीवर्ड बेटांपैकी सेंट किट्स या बेटाभोवती किनारी रस्त्याने व लोहमार्गाने वाटाड्यासह केली जाणारी एक दिवसाची सहल. पूर्ण फेरा सु. ४८ किमी. चा आहे. मोठी प्रवासी जहाजे बहुधा सकाळी बास्तेर या राजधानीच्या बंदरात येतात व सायंकाळी निघून जातात. त्यामुळे सहलीला एका दिवसाची मर्यादा पडली. बेटाच्या मध्यभागी लिआमुइगा हा ज्वालामुखी पर्वत (उंची १,१५६ मी.) असल्याने वस्ती, शेती व रस्ते प्रामुख्याने किनाऱ्याच्या पट्ट्यातच आढळतात आणि बेटाच्या इतिहासातील बहुतेक स्थळे या फेऱ्यावरच येतात. ‘लिआमुइगा’ हे मूळ रहिवासी कालिनागो लोकांनी बेटाला दिलेले नाव. त्याचा अर्थ ‘सुपीक भूमी’. पर्वताला ते १९८३ मध्ये, स्वातंत्र्याच्या वेळी मिळाले.

पश्चिम किनाऱ्याने निघाल्यास प्रथम ‘ब्लडी पॉइंट’ लागतो. टॉमस वॉर्नरने १६२४ मध्ये ओल्ड रोड येथे इंग्रजांची कॅरिबियनमधील पहिली कायम वसाहत स्थापिली. पुढील वर्षी पिएर बेलँ देनांब्यूकच्या नेतृत्वाखाली फ्रेंच आले. कालिनागो आपणावर हल्ला करणार आहेत, असे कारण देऊन दोघांनी १६२६ मध्ये त्यांची सरसकट कत्तल केली. कटाची ही हकीकत केवळ वसाहतवाल्यांच्या लेखनातून आलेली असल्याने ती सावधपणेच स्वीकारली पाहिजे; मारले गेलेल्यांची बाजू सांगणारा कोणताही लेख नाही. नंतर बेटाची वाटणी झाली : मधला भाग इंग्रजांना, दोन्ही टोके फ्रेंचांना. बास्तेर, दियेप बे यांसारखी ग्रामनामे या वाटणीची आठवण देतात. १७१३ च्या उत्रेक्त तहाने फ्रेंचांनी आपला भाग सोडला. वॉर्नरची कबर (मृत्यू १६४९) मिडल आयलंड येथील चर्चच्या आवारात आहे.

प्रदक्षिणेतील सर्वांत प्रेक्षणीय स्थळ म्हणजे ब्रिमस्टोन हिल हा सु. २४० मी. उंचीवरील किल्ला. १६९० मध्ये येथे पहिल्या तोफा चढविण्यात आल्या आणि पुढे शंभरावर वर्षे बांधकाम चालू राहिले. आराखडे ब्रिटिश लष्करी अभियंत्यांचे. पण दगड फोडणे, चुना भाजणे व ते उभ्या चढणीवरून वाहून नेणे ही कामे आफ्रिकी गुलामांनी केली. ‘वेस्ट इंडीजचे जिब्राल्टर’ असा लौकिक असूनही जानेवारी १७८२ मध्ये सु. ८,००० फ्रेंच सैन्याने त्याला वेढा घातला. किल्ल्यासाठी आलेल्या काही तोफा व दारूगोळा वेळेत वर न नेल्याने पायथ्याशीच पडून होता. शत्रूने तो हस्तगत करून त्याच किल्ल्यावर वापरला आणि महिन्याभरात सु. एक हजारांच्या शिबंदीला शरण यावे लागले. १७८३ च्या तहाने बेट ब्रिटिशांना परत मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सैन्याने किल्ला सोडल्यावर त्याचे दगड लोकांनी घरांसाठी नेले. पुढे त्याची डागडुजी झाली व १९९९ मध्ये यूनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

उत्तर टोकाजवळ लाव्हारसाचे काळे खडक आहेत. त्यापुढील अटलांटिक किनाऱ्याचा इतिहास हा उसाचा इतिहास होय. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली; परंतु सक्तीच्या ‘उमेदवारी’विरुद्ध मजुरांनी त्याच वर्षी काम बंद केले व लष्करी कायदा पुकारण्यात आला. खरी मुक्ती १८३८ ची. तीनंतरही जमीन मळेवाल्यांचीच राहिल्याने मजुरांना त्यांच्याच दारी जावे लागे. १८६१ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या जहाजातून तीनशेवर भारतीय करारबद्ध मजूरही येथे उतरले. मळ्यांतील ऊस बास्तेरच्या मध्यवर्ती कारखान्यात आणण्यासाठी १९१२–२६ या काळात अरुंदमापी लोहमार्ग टाकण्यात आला आणि मळ्यांवरील गिरण्या ओस पडल्या. त्यांची धुराडी आजही गाडीतून दिसतात. जानेवारी १९३५ मध्ये बकलीज मळ्यावर वेतनासाठी झालेल्या संपात गोळीबारात तिघे ठार झाले. बेटावरील कामगार चळवळीला तेथून जोर चढला. १९७५ मध्ये उसाच्या जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या; पण सततच्या तोट्यामुळे २००५ मध्ये साखर उद्योगच बंद करण्यात आला. त्याच्या दोन वर्षे आधीच या रुळांवरून पर्यटकांची गाडी धावू लागली होती. तिचा प्रवास सु. २९ किमी. असून उरलेला फेरा बसने पुरा करतात.

बास्तेरमधील ‘इंडिपेंडन्स स्क्वेअर’ हा चौक १७९० मध्ये आखला गेला. सभोवती जुनी टुमदार घरे व चर्च आहे, मध्ये कारंजे आहे. गुलामांचा लिलाव येथे होत असे. १९ सप्टेंबर १९८३ रोजी सेंट किट्स व नेव्हिस हे राष्ट्र स्वतंत्र झाल्यावर ‘पॅल मॅल स्क्वेअर’ हे त्याचे जुने नाव बदलण्यात आले.