जबड्याचा सांधा : एका दुखण्याचा इतिहास

कानापुढें बोट ठेवून तोंड उघडलें कीं जो सांधा हलतांना जाणवतो, तोच जबड्याचा सांधा. निखळलेला जबडा बसविण्याची विद्या फार प्राचीन. सांध्यास शेक द्यावा, तो जागेवर आणावा व पट्टी बांधावी, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. परंतु सांधा न निखळतांच दुखूं लागला तर? कित्येकांचा कान ठणके. कानांत मात्र दोष सांपडत नसे.

१९३४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील कर्णरोगतज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनीं अकरा रोग्यांच्या अनुभवावरून या व्यथेचा संबंध जबड्याशीं जोडला. दाढा गेल्यानें जबडा अधिक मिटतो व नसांवर दाब पडतो, असें त्यांचें अनुमान होतें. शरीररचनेच्या अभ्यासकांनीं तें पुढें खोडून काढलें. १९६९ सालीं डॅनियल लास्किन यांनीं स्नायूंच्या थकव्याकडे व मनाच्या ताणाकडे लक्ष वेधलें.

आतां प्रथम मऊ अन्न, शेक, विश्रांति व सौम्य व्यायाम सांगतात. बहुतेकांस तेवढ्यानें उतार पडतो. शस्त्रक्रियेची किंवा निरोगी दांत झिजविण्याची घाई करीत नाहींत. कॉस्टेन यांची उपपत्ति टिकली नाहीं. परंतु निर्दोष कान दुखत असतां जबडा तपासण्याची रीत टिकली.